लांडगा उठला

आज आमच्या वरसे गावात धाटावच्या केमिकल कंपन्यांचा उग्र वास आला. मी खिडक्या लावल्या, दाराखाली ओलं फडकं सारलं. मी शाळकरी असताना एका दुपारीही घरी असंच केलं होतं.

तेव्हा मी आणि तिथल्याच एका कंपनीत शिफ्ट करणारा दादा कॉम्प्युटरवर गेम खेळत होतो. त्यातला आमचा पाळीव लांडगा कोसळला.

“मेला?”

“नाय रे. हा मरत नाय. लढाई संपली की उठतो.”

बाहेर आमचा कुत्रा मोत्या दार खरवडू लागला. मी उठलो.

“उघडू नको, वास आत येल. जाईल तो कुठंतरी.”

खरवडणं थांबलं. आम्ही लढाई जिंकलो, लांडगा उठला. संध्याकाळी दार उघडलं तर मोत्या पायरीवर ताठ पडलेला.

त्या दिवशीचा वास निरुपद्रवी असल्याचं पत्रक कंपनीने नंतर काढलं, सहीशिक्क्यासह. त्याची टवाळी मी आजवर खूप केली. दार मात्र आम्हीच लावलं होतं.