पुतळीची बोली आणि आईचं ‘व्हय’

सोन्याची जुनी पुतळी अकरा रुपयांना मिळते, अशी माझी एके काळी ठाम समजूत होती. (तेव्हा मी नुकताच पदवीधर झालो होतो.)

समजुतीला आधार होता. सांगलीत भोंगा लावलेला टांगा फिरत होता, "दुर्मीळ सोन्याची नाणी! लिलाव! बोली अकरा रुपयांपासून!" विश्रामबागेतलं ऑफिस सुटल्या सुटल्या मी एस.टी.नं पलूस गाठलं आणि आईला बातमी दिली.

आईच्या पुतळ्यांच्या, म्हणजे सोन्याच्या जुन्या नाण्यांच्या, माळेत एक पुतळी कमी होती. धाकट्या शालनचं लग्न तोंडावर आलेलं, सोयरीक साताऱ्याची, आणि आईचा एकच हट्ट, "उणी माळ लेकीच्या गळ्यात घालनार न्हाई म्या!" सोनार नवी पुतळी घडवून द्यायला तयार होता. पण आईला ते पटेना. म्हणाली, "जुन्यात नवी घातली की ती सून दिसती, लेक न्हाई."

लिलाव एका मंगल कार्यालयात होता. लाल मखमलीवर नाणी अशी झळकत होती की येणारा प्रत्येक जण चपला बाहेर काढून येत होता! (कुणी सांगितलं नव्हतं.) आई तर हात जोडूनच उभी राहिली. "आरं बाळू, ह्ये सोनं न्हवं, ह्यो द्येव हाय!" खरं सांगतो, माझेही हात नकळत जोडले गेले.

पुरुष पुढं, बायका मागं. आईला मागच्या सतरंजीवर बसवून मी बजावलं, "बोली मी लावनार. तू तोंडातनं एक सबूद काढू नगंस."

"व्हय," आई म्हणाली.

पुतळी पुढं आली. कोटवाल्या लिलाववाल्यानं ती दिव्यासमोर धरली. "सातासमुद्रापलीकडून आलेली! तुमच्या खापरपणज्यांनीसुद्धा पाहिली नसेल! अकरा रुपये!" मी हात वर केला.

"पन्नास म्हणतंय का कोणी?"

मागं बायकांतून, तोंडावर पदर धरल्यासारखा आवाज आला, "व्हय."

पुढच्याला मी हात वर केला. त्याच्या पुढच्याला मागून "व्हय." मी शंभर, ती दीडशे! मी दोनशे, ती तीनशे! बाकीच्यांनी केव्हाच माघार घेतली आणि ते श्वास रोखून आमची झुंज बघू लागले. वळून बायकांकडं टक लावून बघणं आमच्यात बरं दिसत नाही, म्हणून मी ताठ मानेनं लढत होतो. (आवाज कसा ओळखला नाही? आमच्याकडं साऱ्या बायका ‘व्हय’ एकाच सुरात म्हणतात!)

शेजारचे फेटेवाले कुजबुजले, "बाई कारखानदारीन दिसतीया. सोड गड्या, तुझं काम न्हवं ह्ये."

"सोडतोय व्हय!" म्हणत मी आठशेला हात वर केला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

"नऊशे?"

"व्हय."

आता माझा हातच उठेना. शालनचा मोकळा गळा डोळ्यांपुढं आला. नऊशे एक वार, दोन वार, तीन वार! टाळ्यांचा कडकडाट झाला. पडक्या चेहऱ्यानं मी आईची समजूत घालायला मागं गेलो.

आई लिलाववाल्याच्या कारकुनासमोर भेदरून उभी होती. "आरं बाळू, ह्यो मानूस मला नऊशे रुपयं का मागतोय रं?"

माझ्या पायांखालची सतरंजी सरकली. "आई! बोली तू लावत हुतीस?"

"म्या? सबूद काढू नगंस म्हनलास, म्या काढला न्हाई. पर त्यो बिचारा येवढा घसा फोडून सांगतोय, आन् आपन हुंकार बी दिऊ नये? पोथी ऐकताना न्हाई म्हनत व्हय ‘व्हय’?"

स्कूटरसाठी साठवलेले पैसे पुतळीत गेले. मी सायकलवरच राहिलो.

साताऱ्याला लग्नात विहीणबाई माळेकडं बघतच राहिल्या. "लिलावात घेतलीसा म्हनं! लय चढली आसंल न्हवं बोली?"

"व्हय," आई म्हणाली. "फुडं एक येडा बसला हुता. सोडंच ना!"

मी पंगतीत जिलब्या वाढत होतो. मान आणखी खाली घातली.

"आगं बया! कुनाचा हुता ओ त्यो?"

आईनं माझ्याकडं डोळे भरून पाहिलं.

"हुता चांगल्या घरचा," ती म्हणाली.