गुडघ्याआधीची मांडी

पेणच्या आमच्या आळीत बायकांच्या घोळक्यात बसून पोह्याचे पापड लाटणाऱ्या काकू रागावल्या की लाटणं आपटतात. गुडघा बदलायचं ठरलं, तेव्हा दुखणं जाणार म्हणून त्या खूश होत्या. मग डॉक्टरांनी बजावलं, यापुढे जमिनीवर बसायचं नाही. तेव्हापासून आपटणं थांबेना.

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. मी सरळ सांगितलं, "काकू, टेबलावर लाटा."

"तूच लाट गो टेबलावर! मी काय हाटेलात जेवाया बसलेय?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या भिंत धरून, शिव्या देत बायकांमध्ये खाली बसल्या. दुखरा पाय दोन्ही हातांनी दुमडून मांडी घातली. डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी उठवायला गेले.

"हात लावू नको! उद्यापासून खुर्चीच हाय. आज बसू दे."