विसावा प्रश्न

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसलेलो आहे. लिफ्टवाल्यांना पाने-पक्कड उचलून देण्यापासून सुरुवात केली. आज ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कित्येक लिफ्टची देखभाल माझ्याकडे आहे. घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबीरही घेत नाही.

डोंबिवलीच्या अनघाकडून आमच्या कामाचं ॲप करून घेतलं. त्याची पद्धत अशी – फोनवरून सर्व्हरला वाटेल ते विचारता येत नाही. ठरलेले प्रश्न आधीच सर्व्हरवर साठवलेले, प्रत्येकाला नंबर. फोन फक्त नंबर पाठवतो, उत्तर येतं. यादीत नसलेला नंबर गेला, तर 'असा प्रश्न नाही'.

तिने वीस प्रश्न काढले होते. विसावा – केबिनच्या छतावर कोणी आहे का? वजनाचा सेन्सर तिथे होताच. तरी मी तो प्रश्न कापला.

"काका, हा नका काढू."

"माझ्या माणसांना डोळे आहेत. एकोणीसचा भाव सांग."

हे ती अजून सगळ्यांना सांगत फिरते. माझा राग आहे तिच्यावर, लपवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात, मानपाड्याला, भर दुपारी. माझा जुना टेक्निशियन दिनेश केबिनच्या छतावर काम करत होता. खाली सोसायटीचा सेक्रेटरी माझ्याशी भांडत होता. "दोन तास झाले, म्हातारी माणसं जिन्यात बसलीत." माझं डोकं फिरलं. दिनेशची पिशवी खाली दिसली, म्हणजे उतरला असं धरलं आणि मीटर रूममध्ये जाऊन लिफ्ट चालू करायला मेन स्विचला हात घातला.

खिशातला फोन थरथरला. 'प्रश्न २० – हो.'

मी काहीच विचारलं नव्हतं...

"दिनेश?" मी ओरडलो.

वरून आवाज आला, "शेठ, चहा पिऊन या. मला अजून दहा मिनिटं."

संध्याकाळी अनघाला फोन केला. "विसावा फुकटात टाकलास होय?"

"काका, तुम्ही मला कधी फुकट चहा पाजलाय?"

तिने यादी पाठवली. एकोणीसवर संपलेली. सर्व्हरच्या नोंदीत त्या वेळी माझ्या फोनवरून २० नंबर आलेला होता. पुढे उत्तर – 'असा प्रश्न नाही'.

दुसऱ्याच दिवशी मी तो प्रश्न साठवून घेतला. भाव केला नाही. तब्येत बरी आहे ना, असं तिने दोनदा विचारलं.

गेल्या सोमवारी कळव्याला, सात मजली इमारतीत काम संपलं. माझी तिन्ही माणसं शेजारी उभी. सवयीने २० पाठवला. 'हो.'

टॉर्च घेऊन मी स्वतः बघून आलो. छत रिकामं. सेन्सर नवा बसवला. 'हो.' तोच सेन्सर शेजारच्या विंगमध्ये लावून पाहिला – तिथे 'नाही'.

लिफ्ट तेव्हापासून बंद आहे. कारण विचारलं की मी भांडतो, कारण सांगायला माझ्याकडे काही नाही. सोसायटीने दुसरा माणूस ठरवलाय. स्वस्तातला. त्याच्याकडे असा प्रश्नच नाही.

मीटर रूमची चावी अजून माझ्या खिशात आहे. उद्या दहा वाजता ते ती मागायला येतील...