घड्याळं पुढे गेली, माझ्या अ‍ॅपला पत्ताच नाही

मंडळी, आज इथे नेदरलँड्समध्ये, फोरबर्गला, आमच्या मराठी मंडळाचा पाडवा होता. मंडळाचं जुनं ऑनलाइन कॅलेंडर बंद करून आमंत्रणाचं अ‍ॅप मी एआयकडून एका संध्याकाळी बनवून घेतलं होतं. कसलं भारी झालंय, अजूनही खूश आहे.

अकरा वाजता हॉलवर मी, नवरा आणि श्रीखंड. आपली माणसं, उशीर होणारच, म्हणून मी निवांत.

बाराला सगळे एकदम आले. "अगं, तुझं अ‍ॅप बाराच दाखवतंय," मंडळातली मेघा म्हणाली.

आज पहाटेच इथली घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे गेली. अ‍ॅपने अकराची वेळ हिवाळ्याच्या घड्याळाने धरली होती, म्हणून आज सगळ्यांना ती बारा दिसली. पुण्यात असलं काही नसतं, मला सुचलंच नाही.

"आपल्या जुन्या कॅलेंडरला हे माहीत होतं," नवरा म्हणाला.

हॉल एकला सोडायचा होता. मुलांचं नाटक राहिलं.

त्या कॅलेंडरमध्ये किती जणांच्या फजितीतून आलेलं शहाणपण होतं, आणि मी ते एका संध्याकाळी मोडीत काढलं. तुम्ही असं काय मोडीत काढलंत?