अडीच बाय दीडची पाटी

लखनौच्या इंदिरा नगरातल्या त्या गल्लीत पाटी लावण्याआधी परवानगीचा अर्ज करणारं एकच घर होतं, आणि नोटीस नेमकी त्याच घराला आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

गल्ली म्हणायला रहिवासी. समोरच्या पद्मिनी अवस्थींच्या दिवाणखान्यात बुटीक होतं, तिथे सकाळपासून तीन शिलाई मशिनं खडखडत. कोपऱ्यावर कोचिंग क्लास होता. त्याचा फ्लेक्स दोन मजले झाकून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत डोकावत होता. पलीकडच्या तळघरात जिम होती. विजेच्या खांबाला कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर बांधलेला होता. वाढदिवस होऊन चार महिने उलटले, तरी नेते आपले हात जोडून उभेच. या सगळ्या गर्दीत फालकांच्या फाटकावर पत्र्याची एक पाटी होती, पांढऱ्यावर निळी अक्षरं: ‘यमुना फालक. कुकर, मिक्सर, पंखे की मरम्मत.’ लांबी अडीच फूट, उंची दीड. माप इतकं नेमकं सांगता येतं, कारण ते अर्जात लिहिलेलं होतं.

अर्ज चंद्रशेखर फालकांनी लिहिला होता. रेल्वेत पुलांचे इंजिनिअर म्हणून छत्तीस वर्षं काढलेला माणूस. रस्त्यावर चिटपाखरू नसतानासुद्धा लाल दिव्याला स्कूटर थांबवणारा. निवृत्तीनंतर बायकोने गॅरेजमध्ये दुरुस्तीचं काम सुरू करायचं म्हटलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “कर, पण परवानगी घेऊन.” मग त्यांनी घराचा नकाशा काढला, पाटीचं रेखाचित्र काढलं, फाटकाचे तीन बाजूंनी फोटो जोडले. महापालिकेच्या कार्यालयातल्या कारकुनाला तो छापील फॉर्म शोधायला कपाट हलवावं लागलं. एवढ्या वर्षांत कुणी मागितलाच नव्हता म्हणे.

अर्जाचं उत्तर आलं नाही, शेवटी वाट बघून पाटी लावली. आठ महिन्यांनी शहरात मोठे पाहुणे यायचे ठरलं, अनधिकृत पाट्या काढायची मोहीम निघाली, आणि वरून यादी मागितली गेली. कारकुनाने फाइल उघडली. त्या गल्लीच्या फाइलीत कागद होता एकच.

“भाभीजी, आपने अर्ज़ी दी ही क्यों?” पद्मिनीने कपाळाला हात लावला. “आ बैल मुझे मार! मुझे देखिए, बारह साल से चला रही हूँ, किसी को पता तक नहीं.”

“सबको पता है,” यमुनाबाई म्हणाल्या. “बस, काग़ज़ को पता नहीं.”

मुलाला, अनिकेतला, मात्र ही नोटीस म्हणजे सुंठीवाचून खोकला गेल्यासारखी वाटली. तो गोमती नगरात फ्लॅट घेऊन राहत होता, रविवारी येई, आणि आईबाप मराठीत बोलले तरी उत्तरं हिंदीत देई. “आई, अच्छा ही हुआ ना. बोर्ड हटा दो. बाबा की पोज़िशन का तो सोचो. इंजिनिअर साहब के गेट पर ‘कुकर की मरम्मत’?”

“तुझे बाबा मोडलेले पूल दुरुस्त करायचे,” यमुनाबाई म्हणाल्या. “तेव्हा तुला लाज वाटली नाही. मोडकं ते मोडकं. पूल काय आणि कुकर काय.”

“वो अलग बात है, यार आई.”

“वेगळं काय ते सांग.”

तो भजी खाऊन गेला.

यमुनाबाईंचं हे काम म्हातारपणीचा छंद होता, असं कुणी समजू नये. भुसावळला स्टेशनाबाहेर त्यांच्या वडिलांची, बाळकृष्णांची, स्टोव्ह दुरुस्तीची टपरी होती. शाळा सुटली की पोर तिथे. बर्नरला पिन मारणं, पंपाचा वायसर बदलणं, टाकीची गळती साबणाच्या फेसाने शोधणं, हे तिला पाढ्यांच्या आधी येत होतं. मग इंजिनिअरचं स्थळ आलं आणि टपरीवरची पोर साहेबांची बायको झाली. झाशी, गोरखपूर, लखनौ. प्रत्येक रेल्वे कॉलनीत अधिकाऱ्यांच्या बायकांचे कुकर यमुनाबाईंनीच नीट केले, पण कसे? स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने, चहा पिता पिता, जणू सहज हात लागला आणि दुरुस्त झाला. शिट्टी कशी वाजते त्यावरून त्या सांगत, रबर गेलंय की झाकण वाकलंय. मिक्सर सुरू केल्यावर नुसता वास घेऊन कार्बन ब्रश संपल्याचं ओळखत. साठी उलटल्यावर हेच सगळं त्यांनी पुढच्या दाराने करायचं ठरवलं, आणि त्यासाठी पाटी रंगवून घेतली. पाटी लागली त्या दिवशी त्या भाजी आणायच्या निमित्ताने दोनदा बाहेर पडल्या होत्या. दोन्ही वेळा भाजी आणायची राहिली.

सुनावणीच्या दिवशी दोघं स्कूटरवरून कार्यालयात गेली. निरीक्षक जयसिंग हा काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, ‘आंटीजी’ म्हणाला.

“कोचिंग के फ्लेक्स को नोटिस गया?” यमुनाबाईंनी सुरुवातीलाच विचारलं.

“उनका तो आवेदन ही नहीं आया, आंटीजी. हमारे रिकॉर्ड में वो हैं ही नहीं.”

“म्हणजे मी विचारलं म्हणून मी गुन्हेगार?” हे त्या मराठीतच बोलल्या. रागावल्या की त्यांचं हिंदी आपोआप बंद पडे. जयसिंगला अर्थ कळला असावा, कारण तो जरा ओशाळला आणि त्याने खणातून एक छापील कागद काढला.

“देखिए, रास्ता है. अंकल जी मकान-मालिक हैं, यहाँ दस्तख़त कर दें. बोर्ड उतार लीजिए. बाक़ी अंदर क्या होता है, कौन देखने आता है? पूरी कॉलोनी यही करती है.”

चंद्रशेखरांनी चष्मा लावून कागद मोठ्याने वाचला. ‘मैं प्रमाणित करता हूँ कि मेरे मकान में कोई व्यावसायिक कार्य नहीं होता, और परिवार का कोई सदस्य यहाँ काम नहीं करता.’

यमुनाबाईंची कानशिलं तापली. हे वाक्य त्यांना नवीन नव्हतं. अनिकेतच्या शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे आडवी रेघ असे. जनगणनेची बाई दारात येऊन विचारी, “आप काम करती हैं?” आणि त्या तोंड उघडायच्या आत आतून सासूबाई सांगत, “नहीं, नहीं, घर पे रहती है.” क्लबातल्या ओळखी करून देताना चंद्रशेखर स्वतः म्हणत, “ही माझी मिसेस, ती काही करत नाही.” प्रेमाने म्हणत. अडतीस वर्षं हे वाक्य दुसऱ्या कुणीतरी त्यांच्याबद्दल बोललं होतं आणि त्यांनी हसून चहा ओतला होता. आता ते शिक्क्यानिशी समोर आलं होतं.

चंद्रशेखरांनी खिशातलं पेन काढलं. घर नंबर भरला. स्वतःचं नाव भरलं. सहीच्या जागेवर पेन टेकणार, तोच यमुनाबाईंनी कागदावर हात ठेवला. तळवा पसरून, अख्खा.

“अहो, हे खोटं आहे.”

“नुसता कागद आहे, यमुना.” त्यांचा आवाज दबलेला होता. “पाटी काढायची, बाकी सगळं तसंच चालू. सगळे हेच करतात.”

“तुम्ही नोकरीत कधी खोट्या कागदावर सही केलीत?”

“नाही.”

“ठेकेदार मागे लागले, साहेब रागावले, बदली झाली. तरी?”

“तरी नाही.”

“मग आयुष्यातली पहिली खोटी सही माझ्यावर करणार?”

जयसिंग पंख्याकडे बघू लागला. चंद्रशेखरांनी बायकोच्या हाताकडे पाहिलं. नखांत काळं ग्रीस होतं, अंगठ्यावर पात्याने कापल्याची जुनी खूण. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“नहीं कर सकता, भाई,” ते म्हणाले. “काम तो होता है. रोज़ होता है. मैं कैसे लिख दूँ कि नहीं होता?”

“तो अंकल जी, फिर हमें कार्रवाई करनी पड़ेगी.”

“कोरा काग़ज़ दीजिए,” यमुनाबाई म्हणाल्या.

कोऱ्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्षर शाळेतल्यासारखं गोल, प्रत्येक शब्द सुटा. ‘इस मकान के गैरेज में मरम्मत का काम होता है. काम मैं करती हूँ. मैंने अनुमति माँगी थी, जवाब नहीं आया. आगे भी करूँगी. यमुना फालक.’ आणि खाली ठसठशीत सही. मग त्यांनी तो कागद टेबलावरून जयसिंगकडे सरकवला आणि पोच मागितली. नुसती सही नको, शिक्का पाहिजे. जयसिंगने शिक्का मारला. मारताना तो म्हणाला, “आंटीजी, बोर्ड तो जाएगा.”

“ले जाइए. लेकिन लिख के ले जाइए कि क्या ले गए.”

गुरुवारी पथक आलं. एक ट्रक, चार माणसं, एक शिडी. अख्खी गल्ली गच्चीवर. पाटी पहारीने उचकटायला एकजण पुढे सरसावला तेव्हा यमुनाबाईंनी त्याला अडवलं. “उखाड़ो मत. पेच हैं, खोलो.” आणि आपला स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. तो उलट्या दिशेने फिरवत होता म्हणून दोनदा रागावल्यासुद्धा. पाटी ट्रकमध्ये गेली. कोचिंगचा फ्लेक्स तिसऱ्या मजल्यावरून हे बघत होता, आणि खांबावरचे नेते हात जोडूनच होते. यमुनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, नाही असं नाही. ते त्यांनी पदराने नव्हे, मनगटाने पुसलं, कारण बोटांना तेल होतं.

ट्रक वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा त्या गॅरेजात गेल्या. दुरुस्तीचं टेबल जड होतं, सागवानी. त्यांनी ते एका बाजूने ओढायला घेतलं. चंद्रशेखर न सांगता दुसऱ्या बाजूला आले. दोघांनी मिळून ते गॅरेजच्या अंधारातून बाहेर आणलं, फाटकाच्या अगदी आत ठेवलं, आणि फाटकाची दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत उघडली. आता रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही टेबल दिसत होतं, टेबलावरचे कुकर दिसत होते, आणि टेबलामागे स्टुलावर बसलेली बाई दिसत होती.

पद्मिनी गच्चीवरून वाकली. “हाय राम, भाभीजी! अब क्या करेंगी?”

यमुनाबाईंनी समोरच्या मिक्सरचं भांडं काढून बाजूला ठेवलं.

“काम,” त्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, आणि पहिला स्क्रू ढिला केला.