तुटलेल्या तारेचं टोक

हे मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, आणि या वेळी अर्ध्यावर थांबणार नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही लखनौला, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहत होतो. सांगलीहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन आलेली मी, घरबसल्या शेजाऱ्यांचे रेडिओ, टेपरेकॉर्डर, घड्याळं दुरुस्त करायचे. माझी शिस्त कडक. काढलेले स्क्रू इडलीपात्राच्या खळग्यांत, क्रमानं. थंडीत लोकरीचा स्वेटर उतरवून, नळाला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यायची, मगच आतल्या नाजूक भागांना शिवायचं. आणि काहीही झालं तरी ओढायचं नाही. वहिनींच्या हाताला यश आहे, असं कॉलनीत म्हणायचे. मला ते आवडायचं – नको इतकं.

शेजारी जोगळेकर काका, एअर फोर्समधून निवृत्त झालेले. डोळे अधू, त्यामुळे दिवसभर सोबत एका जुन्या ट्रान्झिस्टरची. त्याचं बटण दोन महिन्यांपूर्वी जुन्या शहरातल्या चौक भागातल्या रफीक मियाँनी बदललं होतं. कॉलनीतली निम्मी दुरुस्ती तेव्हा त्यांच्याकडेच जायची. मला ते खुपायचं का? खुपायचं.

ट्रान्झिस्टर खरखरतो म्हणून काकांनी माझ्याकडे दिला. पाच मिनिटांचं काम, म्हणाले मी – आणि स्वेटरसुद्धा न उतरवता सर्किट बोर्ड ओढला. आतल्या अँटेनाच्या कॉइलची तार केसासारखी बारीक असते. ती मुळातून तुटली. जोडायला गेले, तर आणखी तुटली.

काका न्यायला आले. काय सांगणार होते मी?

"आतली तार कुणीतरी ओढलीय, काका. आधीच."

"अच्छा, म्हणजे रफीकनं?"

नुसती मान हलवून भागलं नसतं – काकांना दिसलं नसतं. मी तोंडानं "हो" म्हणाले.

त्या नावावर ठपका ठेवला की लोकांचा लगेच विश्वास बसेल, हे मला माहीत होतं. ती वर्षं तशीच होती. त्याचाही मी फायदा घेतला.

ही गोष्ट कानावर गेली तसे तिसऱ्या दिवशी रफीक मियाँ स्वतः आले, चौकातून एवढ्या लांब, सायकलवर. काकांनी दुरुस्तीसाठी माझ्याकडेच ठेवलेला ट्रान्झिस्टर टेबलावर उघडाच होता. डोळ्याला भिंग लावून त्यांनी तार पाहिली.

"बिटिया, पुराना टूटा हुआ सिरा काला पड़ जाता है। ये तो चमक रहा है।"

"मुझे नहीं मालूम," मी म्हणाले.

त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि गेले. काकांच्या दाराशी थांबलेही नाहीत. पुन्हा कॉलनीत कधी आले नाहीत, कारण पुन्हा कुणी बोलावलंच नाही. मी नवी कॉइल बसवली, ट्रान्झिस्टर वाजू लागला, आणि काकांनी घरोघरी माझी तारीफ केली. रफीक मियाँचं सगळं काम माझ्याकडे आलं. मी ते घेतलं. लाज वाटत होती – तरी घेतलं.

आता मी मुलींना दुरुस्ती शिकवते. पहिल्याच दिवशी सांगते, तुटलेलं टोक काळं असेल तर जुनं, चमकत असेल तर नुकतंच तुटलेलं. परवा एकीनं विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? अनुभवानं, म्हणाले मी. म्हणजे त्यांचं नाव मी दुसऱ्यांदा बुडवलं.

उद्या वर्गात खरं सांगणार आहे. चौकातल्या रफीक मियाँनी शिकवलं – मी तोडलेल्या तारेवर.