कोनाडा रिकामा झाल्यापासून

कुंभकोणमजवळच्या पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्या देवळात झाडलोट करणारी अंजलै कौतुक करणाऱ्याला चोरच समजायची. मागे एका पाहुण्यानं कोनाड्यातल्या दगडी दीपकन्येची तोंडभर स्तुती केली, आणि आठ दिवसांत कोनाडा रिकामा! तेव्हापासून देवाआधी खांबांकडे बघणारा कुणी दिसला, की ही झाडू घेऊन त्याच्या मागे.

आज पांढरी वेष्टी नेसलेले एक म्हातारे खांबावर कोरलेल्या याळीच्या, त्या सिंहमुखी काल्पनिक प्राण्याच्या जबड्यात बोट घालून आतला दगडी गोळा फिरवत होते.

"अहो अय्या, देव तिकडं आहे. तिच्या दाढा काय मोजताय?"

"अम्मा, अखंड दगडात कोरलाय हा गोळा. फिरतो, पण निघत नाही!"

"म्हणजे काढून बघितलात!"

म्हातारे हसले. "आणि इथं खांबांवर नर्तकी किती आहेत हो?"

"बारा. तिसरीच्या डाव्या पायात पैंजण नाही, सातवीची करंगळी तुटकी. रोज दिवेलागणीला तपासते मी. पिशवी उघडा आधी!"

पिशवीत निघाला चिंचभात.

"इतक्या बारकाईनं हे देऊळ कुणी पाहिलं नसेल," म्हातारे म्हणाले. "माझी नजर गेली हो, म्हणून बोटांनी बघतो. गाभाऱ्यात काही हात पोचत नाही. आत पेरुमाळ कसा दिसतो, तेवढं सांगा."

अंजलै झाडू खाली ठेवून गाभाऱ्याकडे वळली. गाभाऱ्याला रोज कुलूप लागायचं, किल्ली पुजाऱ्याच्या कमरेला. तिथल्या चोरीची काळजी तिला नव्हती. वीस वर्षं ती पेरुमाळपुढे डोळे मिटूनच उभी राहिली होती.